छत्तीसपैकी चोपन्न

ताईच्या घरी गेलो की तिथलं कोणीही, अगदी तिची नवी सूनसुद्धा, मला गव्हाच्या डब्याजवळ उभं राहू देत नाही. "मामा, तुम्ही नका मोजू," म्हणतात आणि तोंडाला पदर लावून हसतात. आता यात हसण्यासारखं काय आहे, हे सांगायचं म्हणजे मला माझीच अब्रू वेशीवर टांगावी लागणार. पण चहा आलाय, तुम्हीही घरचेच आहात. टांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बी.एस्सी.ला वर्ध्याला होतो, रोज देवळीहून एस.टी.नं जायचो. त्या वर्षी आमच्या कॉलेजात काँप्युटर आला.

आला म्हणजे तुम्ही आज म्हणता तसा खोक्यातून आला नाही. अवतरला. आधी त्याच्यासाठी फिजिक्सची अडगळीची खोली रिकामी करून चुना मारला. मग जमिनीवर लाल गालिचा आला, खिडक्यांना जाड पडदे आले आणि शेवटी भिंतीत एसी बसला. वर्ध्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. प्राचार्यांच्या डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि या यंत्राला एसी. तिथेच आम्हाला कळलं, कॉलेजात मोठं कोण.

चपला बाहेर काढायच्या, हा नियम. धुळीनं मशीन बिघडते, असं उमाटे सर सांगायचे. आम्ही मात्र देवळात काढतो त्याच भावनेनं काढायचो. दाराबाहेर अशी गर्दी व्हायची चपलांची की गिरडच्या दर्ग्याच्या टेकडीखाली उरूस भरलाय असं वाटावं. परत येताना आपलीच चप्पल पायात येईल याची खात्री नसायची, पण त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. दर्शन झालं ना, मग एवढं चालायचंच.

आणि दर्शन कशाचं? टाइपरायटरसारखी बटणं असलेली एक पेटी, तिला जोडलेला काळा-पांढरा टीव्ही आणि बाजूला एक टेपरेकॉर्डर. प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचा. कॅसेट लावली की तव्यावर ओल्या मिरच्या टाकल्यासारखा चर्र, चिंई असा आवाज यायचा. आम्ही तोही माना डोलावून ऐकायचो.

पण हसू नका. पहिल्यांदा मी दोन आकडे टाकले, त्यांची बेरीज करायला सांगितली आणि पडद्यावर उत्तर उमटलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मी सांगितलं आणि त्या मशीननं ऐकलं. आमच्या घरात तोपर्यंत माझं ऐकणारं कोणीच नव्हतं. बैलसुद्धा बाबांचंच ऐकायचे. त्या दिवशी एस.टी.त खिडकीशी बसून मी देवळीपर्यंत बाहेर पाहत होतो आणि बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. मनात एकच, की हिला आणखी काय काय सांगता येईल.

उमाटे सर आम्हाला बेसिक नावाची भाषा शिकवायचे. बारीक अंगाचा, शांत माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. पहिल्या तासाला ते घरून स्टीलचा एक डबा आणि पिशवीत गहू घेऊन आले. आम्हाला वाटलं, येताना दळण टाकायचं राहिलं.

"हा डबा," सर म्हणाले. "काँप्युटरच्या आत असे डबे असतात. डब्याला तुम्ही नाव द्यायचं आणि त्यात आकडा ठेवायचा. बेरीज करायची म्हणजे काय, तर डब्यात आहे त्यात आणखी टाकायचं." सरांनी ओंजळभर गहू टाकले, मग आणखी टाकले. "आता दुसऱ्या माणसाचे गहू मोजायचेत. आधी काय करणार?"

सरांनी डबा उलटा केला आणि गहू टेबलावर ओतले.

"रिकामा करणार. डबा रिकामा आहे की नाही हे मशीन बघत नाही. तुम्ही बघायचं."

मागच्या बाकावर आम्ही खुसखुसलो. एवढा चंद्रावर माणूस नेणारा काँप्युटर शिकायला आलो आणि सर कंट्रोलच्या दुकानातलं माप शिकवतात. मी तर ते वहीतसुद्धा उतरवलं नाही. घरी मात्र रंगवून सांगितलं, सरांच्या आवाजात. ताई गहू निवडता निवडता पोट धरून हसली होती.

आता ताईचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

ताईला समुद्रपूरहून स्थळ आलं होतं. मुलगा मधुकर, तिथल्याच शाळेत मास्तर. पाहायला आला तेव्हा चहाची बशी धरलेला त्याचा हात इतका थरथरत होता की ताईला त्याची दया आली. ती आत येऊन म्हणाली, "आई, त्यायले कपातूनच पिऊ दे न." तिथेच आई समजली. याआधी तीन जण पाहून गेले होते, तेव्हा ताईनं कोणाच्या बशीकडे पाहिलं नव्हतं.

मधुकररावांचे वडील त्यांच्या लहानपणीच गेलेले. वामनकाकांनी पुतण्याला वाढवलेलं, त्यामुळे शब्द काकांचा. टोपी, धोतर, भरघोस मिशा आणि मनानं साधा माणूस. पण पत्रिकेच्या बाबतीत पक्का. आमच्या गावातल्या महाराजांनी, म्हणजे भटजींनी, दोघांची पत्रिका जुळवली आणि छत्तीसपैकी पंधरा गुण निघाले. अठराच्या खाली काका ऐकायला तयार नव्हते. नकार चिठ्ठीनं कळवणं बरं दिसत नाही, म्हणून ते स्वतः देवळीला आले.

"रामभाऊ," काका बाबांना म्हणाले, "पोरगी आमाले पसंत हाय. मधुले तं गंजच पसंत हाय. पन पंधरा गुन म्हनजे... तुमीच सांगा."

बाबा चटईची काडी मोडत बसले. आत ताई स्टोव्हला पंप मारत होती, तो आवाज थांबला.

तो आवाज थांबला म्हणून मी बोललो, एवढं माझ्या बाजूनं लक्षात ठेवा.

"काका, महाराज बोटावर मोजते," मी म्हणालो. "आमच्या कॉलेजात काँप्युटर हाय. तो गुन काढून देते. अन तो चुकत नाई."

काका वळले. "कधीच नाई?"

"कधीच नाई."

"चंद्रावर मानूस धाडते म्हन्ते, तेच न मशीन?"

"तेच."

काका बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर चंद्र, तो माणूस आणि मधुकर असे तिघंही एकामागून एक येऊन गेलेले मला दिसले.

"मंग पाहू," ते म्हणाले. "मशीननं अठरा सांगतले तं सोयरीक पक्की. नाई सांगतले तं राम राम. मशीनपुढं आपन कोन?"

स्टोव्ह पुन्हा सुरू झाला. पाहुणे गेल्यावर ताईनं माझ्या चहात दोन चमचे साखर जास्त घातली. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो तो तिथेच, आणि कोणी चढवायचीही गरज पडली नाही.

कॉलेजच्या गॅदरिंगला काँप्युटरचं प्रदर्शन भरणार होतं. प्रत्येकानं आपला प्रोग्रॅम लोकांना दाखवायचा. कोणी पाढे केले, कोणी पगाराचा हिशेब केला. मी सरांना म्हणालो, मी गुणमेलन करतो.

सरांनी चष्मा काढून पुसला. "काँप्युटरनं पत्रिका? माझा त्यावर विश्वास नाही, विनायक. पण करायचं काय, तर कोष्टकातले आकडे शोधून त्यांची बेरीज. कर. बेरीज तरी पक्की होईल."

मी पंचांग समोर ठेवून कोष्टकं भरली. नाडीचे इतके, गणाचे इतके, असे आठ आकडे एकेक करून एका डब्यात टाकायचे आणि शेवटी डब्यात किती साठले ते दाखवायचं. अठराच्या वर असतील तर खाली उमटायचं, 'उत्तम'. तीसच्या वर गेले तर 'अति उत्तम'. मशीनला देवनागरी येत नव्हती, म्हणून मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत.

तपासायला मी आई-बाबांच्या पत्रिका घातल्या. अकरा गुण आले. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "मले वाटतच होतं." आई चुलीपुढून म्हणाली, "अकरा? एवढे हायेत?" महाराजांकडून ताळा करून आणला, त्यांचेही अकराच. प्रोग्रॅम बिनचूक होता. सरांनीही पाहिला आणि मान हलवली.

मधुकररावांची पत्रिका मात्र आधी घालून पाहता आली नाही. काकांनी ती दिलीच नाही. मी स्वतः आणीन आणि माझ्या डोळ्यांसमोर मशीनमध्ये घाल, म्हणाले. मला त्याची फिकीर नव्हती. महाराजांच्या चष्म्याच्या काचा तुम्ही पाहायला हव्या होत्या. ताईच्या पत्रिकेत ते नक्कीच कुठेतरी घसरले असणार, अशी माझी खात्री.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मला वाटलं, गर्दी होईल. प्रत्येक जोडप्यासाठी प्रोग्रॅम नव्यानं सुरू करत बसायचा, हे काही शोभत नाही. म्हणून मी शेवटी एक ओळ वाढवली, की उत्तर दाखवून झालं की आपोआप पुन्हा सुरुवातीला जा. एकच ओळ. सरांना दाखवली नाही. आपली अक्कल आपणच पाजळायची असते ना.

उद्घाटन प्राचार्यांनी केलं. दाराशी नारळ फोडला, टीव्हीच्या कोपऱ्याला हळदकुंकू लागलं. मग त्यांच्या बाईसाहेब पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "आमचं बघ बरं आधी." मी दोघांची माहिती घातली. एकवीस. उत्तम. टाळ्या वाजल्या. प्राचार्यांनी रुमालानं मान पुसली, एसी चालू असताना.

आणि दारात काका दिसले. मागे मधुकरराव, बाबा आणि नव्या साडीतली ताई. काकांनी पायताण काढलं, आत वाकून पाहिलं आणि मला खुणेनं बोलावलं.

"पाय धुऊन येऊ काय रे?"

"नाई काका, या असेच."

एसीचा गार वारा अंगावर आला आणि काकांचा आवाज एकदम खाली गेला. गाभाऱ्यात बोलतात तसे ते बोलायला लागले. टीव्हीला त्यांनी हात जोडले. कोटाच्या आतल्या खिशातून रेशमी फडक्यातली पत्रिका काढली आणि ती मला देऊ की मशीनपुढे ठेवू, या विचारात पडले. मी हळूच काढून घेतली.

एकेक बटण मी सावकाश दाबलं. खोलीत फक्त एसीची घरघर. ताई बाबांच्या मागे उभी होती आणि पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. मी शेवटचं बटण दाबलं.

छत्तीस. अति उत्तम.

छत्तीसपैकी छत्तीस, अहो! आधी प्राचार्यांच्या बाईसाहेब म्हणाल्या, "अगंबाई, पैकीच्या पैकी?" आणि खोलीत जो गलका उठला तो विचारू नका. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्या टीव्हीकडे असे पाहत होते, जसं काही तो आत्ताच चंद्रावरून परत आलाय. "पाहा रामभाऊ," ते हळूच म्हणाले, "मानसाले दिसत नाई ते याले दिसते."

मधुकररावांनी ताईकडे पाहिलं. ताईनं पाहिलं नाही, पण पदराची गाठ सोडायची विसरली. खरं सांगतो, त्या क्षणी मला जितकं भरून आलं तितकं पुढे माझ्या स्वतःच्या लग्नातही आलं नाही. हे मी केलं होतं. मी आणि या यंत्रानं.

काकांनी मधुकररावांना गोरसपाक, ती वर्ध्याची तुपाची बिस्किटं, आणायला पिटाळलं. इथे मी प्रोग्रॅम बंद करायला हवा होता. पण बाहेर ही रांग लागलेली. छत्तीस गुणांची बातमी कँटीनपर्यंत गेली होती.

पुढे आले आमच्या कॉलेजच्या ऑफिसातले खोडे बाबू आणि त्यांच्या बाई. या नवरा-बायकोचं भांडण सगळ्या वर्ध्याला ठाऊक. बाबू फीच्या खिडकीत बसले की बाई बाहेरून डबा द्यायच्या आणि डब्याबरोबर चार शब्दही द्यायच्या. बाई येतानाच म्हणाल्या, "पाहाच आज. मशीनच सांगन का मी कशी राह्यली याच्यासंगं."

चोपन्न. अति उत्तम.

छत्तीसपैकी चोपन्न. बाई आ वासून पडद्याकडे पाहत राहिल्या. बाबूंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"विनायक," बाबा म्हणाले, "छत्तीसच्या वर रायते काय रे?"

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? चुकलं म्हणून कबूल केलं असतं. पण मी नुकताच झाडावर चढलेलो, उतरायची घाई नव्हती. मी गंभीर चेहरा केला.

"बाबा, छत्तीस हे महाराजाचं माप हाय," मी म्हणालो. "मशीनचं माप मोठं रायते. ते बारीक बारीक गुनबी मोजते."

लोकांनी माना डोलावल्या. खोडेबाई नवऱ्याकडे अशा पाहायला लागल्या की जणू त्यांच्यातले बारीक गुण शोधतायत. आणि मागे, मधुकररावांनी आणलेला गोरसपाकाचा पुडा सोडणाऱ्या काकांचा हात थांबला.

"म्हनजे," काका हळूच म्हणाले, "आमचे छत्तीस हे पास होत का नापास?"

मी काही बोलायच्या आत हॉस्टेलची दोन पोरं पुढे घुसली. एका खोलीत राहणारी. गंमत म्हणून त्यांनी एकमेकांची माहिती सांगितली आणि मीही, आपली गडबड लपवावी म्हणून, घातली.

सत्तर. अति उत्तम.

खोली हसून हसून लोळायला लागली. एक जण हसला नाही. काकांनी पुड्याची दोरी पुन्हा बांधली आणि तो मधुकररावांकडे दिला.

"रामभाऊ," ते म्हणाले, "मी काई वाकडं बोलत नाई. पन खोडे बाबूच्या घरी रोज भांडन, त्यायले चोपन्न. ह्या दोन पोट्ट्यायले सत्तर. अन माह्या मधुलेच छत्तीस काऊन? मले थोडा इचार करा लागन."

बाबांचा चेहरा उतरला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. छत्तीसपैकी छत्तीस मिळवून बहिणीचं लग्न मोडणारा माणूस जगात मी एकटाच असेन.

तेवढ्यात उमाटे सर गर्दीतून आत आले. त्यांनी पडद्यावरचा सत्तर पाहिला, मग माझी ती वाढवलेली ओळ पाहिली. रागावले नाहीत. माझ्या कानाशी वाकून एवढंच म्हणाले, "विनायक, डबा रिकामा केलास का?"

माझ्या डोळ्यांपुढे त्यांचे ते गहू सांडले. दर वेळी प्रोग्रॅम नव्यानं सुरू केला की मशीन स्वतःच सगळे डबे रिकामे करून द्यायची. मी तिला परस्पर सुरुवातीला धाडायला लागलो आणि डबा तसाच भरलेला राहिला. प्राचार्यांचे एकवीस त्यात होतेच, त्यावर ताईचे पडले. ताईच्या ढिगावर खोडे बाबूंचे, त्यांच्यावर पोरांचे. खोडे बाबूंच्या चोपन्नात प्राचार्यांचा संसारही मोजला गेला होता. आणि छत्तीसातून एकवीस गेले तर उरतात पंधरा. महाराजांचे पंधरा. जाड काचांतून, बोटांवर मोजलेले आणि बरोबर.

"आमचं पुन्हा लाव," काका म्हणाले. "खरं काय ते कळू दे एकडाव."

आता बघा माझी गत. तसंच बटण दाबलं तर सत्तरावर पंधरा पडून पंच्याऐंशी येणार. सगळ्यांत जास्त. काका नाचतील, लग्न पक्कं. आणि डबा रिकामा केला तर पंधरा, राम राम. मशीन तयार होती. ती तर मी सांगेन ते करायला बसलेली. मी सरांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "प्रोग्रॅम तुझा आहे," आणि खिडकीशी जाऊन पडदा नीट करू लागले. पडदा नीटच होता.

ताई जवळ आली होती. "काय झालं रे विन्या? तोंड काऊन असं केलं?"

मी हळू आवाजात सगळं सांगितलं. "ताई, खरे पंधराच हायेत. पन मी काईच नाई केलं तं पंच्याऐंशी येतीन. कोनाले कळनार नाई. सांग, काय करू?"

तिनं मधुकररावांकडे पाहिलं. या वेळी सरळ पाहिलं. ते पुडा हातात घेऊन उभे होते, दोरीचं टोक बोटाला गुंडाळत. त्या बशीच्या दिवशी हात थरथरत होता तसाच आत्ताही थरथरत होता. ताईचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही.

"रिकामा कर," ती म्हणाली. "त्या घरी मले जन्मभर रायचं हाय. पह्यल्याच दिवशी खोटं घेऊन कशी जाऊ?"

मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली. मी प्रोग्रॅम थांबवला. नव्यानं सुरू केला. दोघांची माहिती घातली.

पंधरा. खाली काहीच नाही. उत्तमही नाही.

"हे बरोबर हाय, काका," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आधीचं चुकलं होतं. मशीनचं नाई, माहं. मी डबा रिकामा नाई केला." आणि मग तिथे, प्राचार्यांपुढे, खोडे बाबूंपुढे, चपला शोधणाऱ्या अर्ध्या कॉलेजपुढे मी गव्हाच्या डब्याचा तो धडा पहिल्यापासून सांगितला. मागच्या बाकावरून खुसखुसण्याचा आवाज आला. या वेळी त्या बाकावर मी नव्हतो.

काका पडद्याकडे पाहत राहिले. मग मशीनकडे. मग माझ्याकडे. शेवटी मधुकररावांकडे वळले.

"मधु, तू काय म्हन्त?"

"म्या तं पह्यल्याच दिवशी हो म्हनलं होतं," मधुकरराव म्हणाले. "पुढं मले कोनी इचारलंच नाई."

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते आधी कोणाला कळेना.

"पाहा रामभाऊ," ते म्हणाले. "ज्या मशीननं या भांडकुदळ जोडप्याले चोपन्न देल्ले, दोन पोट्ट्यायचं लगन लावाले निंगाली, ते मशीन खोटी. बरोबर?"

"बरोबर," बाबा घाईनं म्हणाले.

"आता ते खोटी मशीन म्हन्ते पंधरा. अन महाराजबी म्हनले होते पंधरा. म्हनजे महाराज अन मशीन सारखेच. म्हनजे महाराजबी खोटे."

"एकदम बरोबर."

"मंग पंधरा कोनी मोजले? कोनीच नाई. मी उगाच पोराले रडवून राह्यलो." त्यांनी पुड्याची दोरी तोडली आणि पहिला गोरसपाक ताईच्या हातावर ठेवला. "सोयरीक पक्की."

आता इथे कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मला ते सहन होईना. मशीन खोटी? तिनं सांगितलं ते तंतोतंत केलं होतं. मी डबा रिकामा करायला सांगितलं नाही, तिनं केला नाही. मी मूर्खासारखं सांगितलं आणि तिनं तेही जिवाला लावून पार पाडलं. इतकं निर्मळ, इतकं ऐकणारं मी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही, आणि तिलाच खोटी म्हणतात.

"काका, पन पंधरा हे बरोबर..." मी सुरू केलं आणि बाबांनी माझ्या पायावर पाय दिला. चपला बाहेर होत्या, त्यामुळे चांगलाच लागला.

लग्न झालं. थाटात झालं, महाराजांनीच लावलं, आणि काकांनी त्यांना अक्षतांच्या वेळी माफही करून टाकलं. महाराजांना आपला गुन्हा काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. खोडेबाईंनी मात्र दुरुस्ती मानली नाही. भांडण चिघळलं की त्या म्हणायच्या, "जाऊ द्या, आपले चोपन्न हायेत," आणि बाबू गप्प बसायचे. आणि ताईच्या घरातला तो गव्हाच्या डब्याचा विनोद पिढीजात होऊन बसलाय, तो तुम्ही ऐकलातच.

माझी परीक्षा राहिली होती. प्रॅक्टिकल पन्नास गुणांची. वही पूर्ण होती, तोंडी परीक्षेत अडलो नव्हतो, प्रोग्रॅम शेवटी का होईना बरोबर चालला होता. मी मनात पस्तीस तरी धरून होतो, चाळीसही येऊ शकले असते. निकालाच्या दिवशी सरांनी मला टेबलाजवळ बोलावलं आणि आकडा दाखवला. पंधरा.

मी दोनदा पाहिलं. आकड्याशेजारी सरांनी माझी ती न दाखवलेली ओळ लाल शाईनं उतरवली होती. मग धीर करून म्हणालो, "सर, बेरजेत काही राहिलं तर नाही ना?"

उमाटे सरांनी चष्मा काढला, पुसला आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "नाही विनायक. मी डबा रिकामा करून मोजलेत."